गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा

वणीच्या आजूबाजूला उकणी, जुनाड, कोलारपिंपरी अशा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी. कोळशाचे ट्रक घुग्घुस-चंद्रपूरकडे रात्रंदिवस धावतात आणि त्यातले काही मध्येच रुसून बसतात, म्हणून माझं दुकान चालतं. मी मूळचा वायरिंगवाला. पण सुरू न होणाऱ्या गाडीला खातेवाटप ठाऊक नसतं, त्यामुळे डिझेलच्या कामातही हात काळे करावे लागले. त्यातून जे उमगलं ते असं.

१. ड्रायव्हर लक्षण सांगत नाही, थेट निदान सांगतो. "भाऊ, सेल्फ गेला." बरं, गेला म्हणजे काय झालं? किल्ली फिरवल्यावर नुसतं कट् वाजतं, की इंजिन कण्हत-कुंथत फिरतं, की मस्त फिरतं पण उचलत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरी आणि सेल्फने आपलं काम चोख केलंय. आता डिझेलकडे बघा. एवढं विचारायला पाना लागत नाही. पण ग्राहकासमोर पाना हातात असला की आपण उस्ताद वाटतो, हा मोह माझा अजून पुरता सुटलेला नाही.

२. भार नसताना बॅटरी नेहमी खरं बोलतेच असं नाही. ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. भरलेल्या असल्या की मीटर २५ च्या वर दाखवतो आणि मालक खूश. खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा दोघींचा व्होल्टेज वेगवेगळा मोजला की कळतं, एक धडधाकट असते आणि दुसरी भार पडताच कोसळते. मालक म्हणतो, तेवढी एकच बदला. पण नवीला जुनीची जोड दिली की चार्जिंगचं गणित बिघडतं आणि नवीही लवकर जाते.

आणखी एक. बॅटऱ्यांची रांग लागते डिसेंबरात, त्यामुळे सगळे थंडीला शिव्या घालतात. वास्तविक बॅटरीला मारलेलं असतं आपल्या मे महिन्याने. उन्हाने आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. थंडीत इंजिन जड झालं की फक्त बोभाटा होतो.

३. करंट जातो तसा तो परतही यावा लागतो. पुस्तकात हे मी केव्हाच वाचलं होतं. पटलं मात्र एका पोरसवदा क्लीनरमुळे. सेल्फ मंद फिरायचा, बॅटऱ्या ठणठणीत, पॉझिटिव्हची जाड केबल नवी. मी सेल्फ उतरवायच्या बेतात होतो. तो पोरगा म्हणाला, "भाऊ, सेल्फ मारला का हे बंद करायची केबल गरम होऊन राहिली." जुनी गाडी, इंजिन बंद करायला ओढायची तार. हात लावला तर खरंच चटका बसला. त्या तारेचा सेल्फशी संबंध काय? इंजिनापासून चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी तुटत आली होती, म्हणून एवढा मोठा करंट मिळेल त्या वाटेने, या बारक्या तारेतून परत चालला होता. पट्टी वरून चांगली दिसत होती. बोल्ट काढला तेव्हा लगाखाली कोळशाची काळी भुकटी आणि पांढरी-हिरवी बुरशी निघाली. घासून, नवी पट्टी लावून दिली.

आता मी आधी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं सेल्फच्या बॉडीवर ठेवून सेल्फ मारायला सांगतो. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला की सेल्फ उतरवायची गरज नाही. त्या पोराला माझ्याकडे काम शिकायला ये म्हणालो होतो; त्याला ड्रायव्हरच व्हायचं होतं.

४. डिझेलची लाइन गळत नाही म्हणजे ती ठीक आहे असं नव्हे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथे बारीक भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे परततं आणि सकाळी सेल्फ मारून मारून जीव जातो. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. सायलेन्सरकडेही बघावं: धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही, पांढरा धूर म्हणजे पोचतंय, पण पेटत नाही.

५. घाईने एकाचे दोन बिघाड होतात. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर तरी थांबावं. पण मागे गाड्यांची रांग आणि कानाला मालकाचा फोन. मग हवा घेतलेली गाडी माझ्याकडे येते ती बॅटरी उतरलेली आणि सेल्फचे कार्बन जळालेले घेऊन.

६. गिअर न्यूट्रलला आहे का आणि बॅटरीचा मेन स्विच चालू आहे का, हे आधी बघावं. यावर अधिक लिहीत नाही. हे विसरणाऱ्यांत काही आब राखून असलेले ड्रायव्हर आहेत.

७. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि माझ्या कानांचा भाव उतरला. नुसत्या आवाजावरून सांगायचे दिवस मागे पडले. कॉमन रेलच्या गाडीत जुन्या सवयीने नोझलचा पाइप ढिला करून हवा काढायला जाऊ नये. तिथलं प्रेशर शेकडो बारचं, डिझेलची धार कातडीत शिरते. बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारूनही उपयोग नाही, कारण ईसीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच, वीज लागते. शेवटी स्कॅनर घेतला, हप्त्याने; अक्षरं वाचायला चष्मा वेगळा. पहिल्यांदा तो लावला तेव्हा ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता.

"मशीन काय म्हणते भाऊ?"

"रेलमध्ये प्रेशर नाही म्हणते."

"म्हणजे डिझेल येऊन नाही राहिलं. हे तर मी आल्यापासून सांगून राहिलो ना तुम्हाले!"

पाइप टाकीजवळ चेसिसला घासून कातरला होता. तो काही स्कॅनरने दाखवला नाही. गाडीखाली आडवं व्हावंच लागलं.