कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्याआधी

‘शेतात झाडं लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील, प्रकल्पाला सीसीबी मानांकन आहे,’ असं सांगत कंपनीचा माणूस दारात आला, तर आधी प्रकल्पाचा क्रमांक मागा. हवामान, स्थानिक लोक आणि जैवविविधता या तिन्हींचा फायदा झालाच पाहिजे, ही सीसीबीची (क्लायमेट, कम्युनिटी अँड बायोडायव्हर्सिटी) अट. 2014पासून हे मानक ‘वेरा’ ही संस्था चालवते. पण नुसत्या सीसीबीवर क्रेडिट मिळत नाही. त्यासाठी वेराच्याच व्हीसीएस (व्हेरिफाइड कार्बन स्टँडर्ड) सारखी वेगळी नोंदणी लागते. दोन्ही आहेत का, हे वेराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणजे नोंदणी झालेली नाही.

करारासाठी कागद नेहमीचेच: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. त्यासाठी एजंटाला शंभर-दोनशे देऊ नका. जमीन सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांची संमती घ्या. सामूहिक वनहक्काच्या जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव हवा. एकट्या सरपंचाची सही पुरत नाही.

‘सभासद फी’ किंवा ‘मानांकन शुल्क’ मागितलं तर देऊ नका. खरी कात्री पुढे लागते. करारात ‘60 टक्के शेतकऱ्याला’ लिहिलेलं असतं, पण कशाचे 60 टक्के? समजा क्रेडिट 1,000 रुपयांना विकली आणि तपासणी, नोंदणी, मोजणीचा खर्च 400 झाला. विक्रीवर वाटा असेल तर तुम्हाला 600 मिळतील, खर्च वजा करून असेल तर 360. खर्चाची कमाल मर्यादा करारात लिहून घ्या. शिवाय झाडं जळाली-तुटली तर भरपाई म्हणून काही क्रेडिट राखीव ठेवली जातात, ती विकता येत नाहीत.

पैसा लगेच येत नाही. झाडं वाढायची, मोजणी व्हायची, त्रयस्थ संस्थेची तपासणी व्हायची, मग क्रेडिट. त्यात काही वर्षं जातात. करार मात्र काही दशकांचा असतो. मधेच झाड तोडलं, जमीन विकली किंवा वाटणी झाली तर दंड कोणावर? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ कंपनीची नोंद होणार का? याची उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत.

दबाव न आणता, पूर्ण माहिती देऊन, आधीच संमती घेणं सीसीबीत बंधनकारक आहे. ‘आजच सही करा’ म्हणणारा हा नियमच मोडतो. प्रकल्पाचा मसुदा 30 दिवस जाहीर हरकतींसाठी खुला असतो. त्याचा मराठी सारांश मागा. तक्रारीचे टप्पे तीन: आधी प्रकल्पचालक, मग तटस्थ मध्यस्थ, शेवटी लवाद किंवा न्यायालय. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. आणि मराठी करारपत्राची सही-शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय खड्डे खणायला घेऊ नका.