सिकेटरचं म्यान काळं का पडलं?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणी सुरू झाली की सिकेटर दिवसभर हातात नाहीतर खिशात, आणि खिसा दर हंगामात फाटतो. म्हणून मुलाने व्हिडिओ बघून पोलिसांच्या होल्स्टरसारखं, पट्ट्यात अडकवायचं चामडी म्यान घरीच करायला घेतलं. ओलं करून आकार द्यायचा म्हणून कातडं उकळत्या पाण्यात टाकलं, तर ते विस्तवावरच्या पापडासारखं आखडलं. मग दुसरा तुकडा गार पाण्यात भिजवून सिकेटर रात्रभर आत ठेवला. आकार झकास आला, पण आतून काळे डाग पडले आणि पात्याला गंज चढला. सोफ्याचं उरलेलं चामडं वापरून पाहिलं, त्याने आकार धरलाच नाही. शेवटी डाग पडलेल्या म्यानालाच सढळ हाताने खोबरेल चोपडलं, तर ते लुळं पडलं आणि थंडीत त्यावर पांढरी बुरशी आली. शेजारी म्हणतात, हल्ली कातड्यातही भेसळ असते. खरं आहे का?

उत्तर : भेसळीचा आळ घेऊ नका, तुमच्या घरी आलेलं सगळंच कातडं अस्सल असणार. मुलानेही व्हिडिओ नीटच पाहिला आहे. कातडं कसं कमावलंय ते पाहायचं मात्र राहून गेलं, आणि एका जातीच्या कातड्याचे नियम दुसऱ्या जातीला लावले गेले. तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे. खोबरेलाचं प्रकरण थोडं वेगळं, त्याकडे शेवटी येऊ.

जनावराचं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गच्च गुंतलेली जाळी. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं आणि वाळलं तर ताठ होतं. कमावताना त्या तंतूंमध्ये असा पदार्थ मुरवतात की दोन्ही टळतं. जुनी रीत झाडपाल्याची : बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने असंच कमावतात. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. या कामाला आठवडे लागतात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, आणि आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. आज बुटांचे वरचे भाग, सोफे, जॅकेट, पर्स यांतलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं.

दोन्हींतला फरक ओळखायला दुकानदाराच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. ताजी कापलेली कड पाहा. सालीवर कमावलेलं कातडं आरपार तपकिरी दिसतं. क्रोमच्या कातड्याच्या मधोमध बहुधा निळसर करडी छटा असते. पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं कातडं तो पिऊन लगेच गडद होतं. आणखी पक्की परीक्षा हवी असेल तर बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायची. सालीची पट्टी आखडून वळते, क्रोमची जवळपास आहे तशीच राहते. ही परीक्षा तुमच्याकडे नकळत झालीच आहे, फक्त थोडी महागात पडली.

आखडण्याचं कारण असं. कोलॅजनचा प्रत्येक रेणू तीन धाग्यांच्या पिळाचा असतो. ओल्या कातड्याला ठरावीक उष्णता लागली की पिळाला धरून ठेवणारे बंध तुटतात, धागे गोळा होतात आणि कातडं आकसतं. कच्च्या कातड्यात हे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला घडतं, सालीवर कमावलेल्या कातड्यात ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, आणि चांगल्या क्रोमच्या कातड्यात १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर. म्हणजे उकळत्या पाण्यात तुमच्या तुकड्याला सुटका नव्हती. हा बदल कायमचा. तेल, दूध, ग्लिसरीन, काहीही चोळलं तरी तो पीळ परत बसत नाही. मध्ययुगीन युरोपात कातडं मुद्दाम तापवून कडक करत आणि त्याची चिलखतं बनवत, हे खरं आहे. व्हिडिओंमधली अर्धवट माहिती बहुधा तिथूनच येते. पण तिथे थोडं आकसलेलं, टणक कातडंच हवं असे. तुम्हाला मापात बसणारं म्यान हवंय.

तर पाणी साधं किंवा कोमट, हाताला सुखाचं वाटेल एवढंच. तंतूंच्या मध्ये पाणी शिरलं की त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि दाबाल तसे ते सरकतात. पाणी उडून गेलं की नव्या जागी पुन्हा एकमेकांना धरतात. आकार ‘बसतो’ तो असा. त्यामुळे बुडवण्यापेक्षा नंतर थांबण्याला महत्त्व जास्त. बुडबुडे यायचे थांबले की कातडं बाहेर काढा आणि वाट पाहा. वरचा रंग जवळजवळ मूळ फिका झाला, पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, ही वेळ आकार द्यायची. त्याआधी दाबलं तर आकार टिकत नाही. फार उशीर केला तर कातडं ऐकत नाही. अंगठ्याने आणि लाटण्याच्या गुळगुळीत टोकाने सिकेटरच्या मुठी, मधला स्क्रू, पात्याचा फुगवटा असा एकेक उठाव घेत जायचं. अंगठी काढून ठेवा आणि नखं कापा, कारण या अवस्थेत उठलेली नखाची कोर पुढे कायम दिसते. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. ऊन आणि चूल दोन्ही वर्ज्य, कारण अजून ओल्या असलेल्या कातड्याला उष्णतेची तीच जुनी भीती असते.

सोफ्याचं चामडं इथे का नापास झालं, तेही यातच आलं. ते क्रोमचं, तेल मुरवून मुद्दाम मऊ आणि लवचीक केलेलं, शिवाय पातळ. बसणारा उठला की चामडं पूर्ववत व्हावं, हाच त्याचा गुण. म्यानाला सालीवर कमावलेलं, ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं कातडं लागतं, आणि तेही पाठीच्या भागातलं. पोटाकडचं कातडं स्वस्त मिळतं, पण सैल असतं आणि हळूहळू ताणत जातं.

आता काळे डाग. इथे कातडं आणि सिकेटर यांनी मिळून शाई तयार केली. साल-हिरड्यातलं टॅनिन आणि ओल्या पात्याचं लोखंड यांची गाठ पडली की काळंनिळं संयुग बनतं. कलमकारी करणारे कारागीर हीच युक्ती जाणूनबुजून वापरतात : हिरड्यात बुडवलेल्या कापडावर गंजलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी फिरवलं की काळी रेघ उमटते. परदेशात चामडं काळं करायला व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवतात, तेही हेच. तेव्हा पुढच्या वेळी सिकेटर पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, चिकटपट्टी लावून मगच ओल्या कातड्यात घाला. पडलेले डाग पाण्यात पिळलेल्या लिंबाने बरेच फिके होतात. नंतर साध्या ओल्या फडक्याने आंबटपणा पुसून घ्यावा. डाग फारच हट्टी असतील तर अख्खं म्यान काळं रंगवून मोकळं व्हावं.

पात्यावरचा गंज मात्र केवळ त्या ओल्या रात्रीचा प्रश्न नाही. म्यानात हत्यार सुरक्षित राहतं अशी आपली समजूत असते, आणि धारेपुरती ती खरी आहे. पण वाळलेलं कातडंही हवेतली ओल ओढून धरतं, आणि सालीवर कमावलेलं कातडं स्वभावतः किंचित आम्ल असतं. ओल आणि आम्ल एकत्र आल्यावर पोलाद किती दिवस चकचकीत राहणार? पिस्तूल बाळगणारी जाणकार माणसंही याच कारणाने ते चामडी होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवत नाहीत.

कागदी साच्याबद्दल आणि शिलाईबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथे दोन चुका हमखास होतात. पहिली मापाची. ओलं कातडं वाढेल या भरवशावर साचा लहान कापला जातो. दुमडून करायच्या म्यानात सिकेटरची आकृती काढल्यावर तिच्याबाहेर त्याची अर्धी जाडी, कातड्याची जाडी आणि शिलाईची जागा एवढं सोडावं लागतं. सिकेटर २ सेंटिमीटर जाड असेल तर १ सेंटिमीटर, अधिक ३ मिलिमीटर, अधिक शिलाईसाठी सुमारे १ सेंटिमीटर. आधी जाड पुठ्ठ्यावर करून बघा, पुठ्ठा वाया गेला तर कोणी रडत नाही.

दुसरी चूक धारेची. पातं जिथे शिलाईला टेकतं तिथे दोन पदरांच्या मध्ये कातड्याची एक अरुंद पट्टी घाला, म्हणजे धार दोऱ्यापर्यंत पोचणार नाही. शिवायचं मेण लावलेल्या एकाच लांब दोऱ्याने, त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचेही सैल होत जातात. दोन सुयांच्या शिलाईत एक बाजू झिजून तुटली तरी दुसऱ्या बाजूचा दोरा भोकं धरून असतो.

कडा घोटण्याचं काम मला स्वतःला सगळ्यांत समाधानाचं वाटतं, आणि त्याला खर्चही नाही. शिवून झालेली कड आधी पॉलिश पेपरने सपाट करायची, ओल्या बोटाने किंचित भिजवायची आणि जीन्सच्या जाड तुकड्याने जोराने घासत राहायचं. घर्षणाची ऊब आणि ओल यांनी सुटे तंतू दबून एकमेकांना चिकटतात. सुरुवातीला कड फिकी आणि केसाळ असते. मग ती गडद होते, कापड अडखळायचं थांबून सरसर फिरू लागतं आणि पदरांमधली रेघ दिसेनाशी होते. गोंद कतीरा भिजवून त्याची पातळ खळ लावली तर चकाकी लवकर येते. क्रोमच्या चामड्यावर हा खटाटोप करू नका, त्याची कड अशी घोटली जात नाही.

राहिलं खोबरेल. तेल तंतूंच्या मध्ये जाऊन त्यांना एकमेकांवरून घसरू देतं, म्हणून चामडं मऊ होतं. चपलेच्या अंगठ्याला ते हवंच असतं. म्यानाची गोष्ट वेगळी : त्याचं तोंड ताठ राहिलं नाही तर सिकेटर परत ठेवताना ते आत दुमडतं आणि टोक नेमकं त्या घडीत शिरतं. पिस्तुलाच्या होल्स्टरमध्ये अशी मऊ घडी चापात अडकून गोळी सुटू शकते, म्हणून ते काम घरी करायच्या भानगडीत पडू नये. ‘चामड्याला जितकं तेल तितकं आयुष्य’ हा समज म्यानापुरता तरी सोडून द्या. म्यान रंगवलं असेल तर रंग वाळल्यावर आतल्या-बाहेरच्या बाजूंना तेलाचा एक पुसट हात पुरे, आणि वरून मधमाशांचं मेण चोळून फडक्याने चमकवायचं. जवसाचं तेल टाळा. ते वाळून कडक होतं आणि घडीवर तडकतं.

आणि ती पांढरी बुरशी? मला ती बुरशी असेल असं वाटत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि निफाडचा गारठा तुम्हाला मी सांगायला नको. कातड्यात मुरलेलं जास्तीचं तेल पृष्ठभागावर येऊन थिजलं की पांढरी पुटं दिसतात. त्यांवर केस वाळवायच्या यंत्राचा मंद गरम वारा लांबून सोडून बघा. पांढरेपणा विरघळून गेला तर ते तेल. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या, असं काही वेळा केलं की म्यानाला थोडा ताठपणाही परत येईल. पांढरेपणा तसाच राहिला, फडक्याला पीठ लागलं आणि कुबट वास आला, तर मात्र ती बुरशी. मग ती घराबाहेर जाऊन कोरड्या ब्रशने झटकायची आणि म्यान हवेशीर जागी टांगायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही.

आखडलेला तुकडा आता म्यानाच्या कामाचा नाही. त्यातून मधल्या पट्ट्या निघाल्या तर कापून घ्या. गंजलेलं पातं बारीक पॉलिश पेपरने घासून तेलाचा हात फिरवलात की पूर्ववत चालेल. नव्या म्यानासाठी चप्पल बनवणाऱ्या कारागिराकडे सालीवर कमावलेल्या कातड्याचा पाठीचा तुकडा मागा आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी सवडीने करा. छाटणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी आल्यावर मात्र सिकेटर म्यानातून काढून, पुसून, वेगळा ठेवत जा.