गीझरचे घड्याळ चुकते तेव्हा

पहाटे उठून बंब पेटविण्याचे काम पूर्वी घरातील कोणीतरी करीत असे. साठवण गीझरला टायमर जोडला की ते काम घड्याळाकडे जाते. मात्र ठरल्या वेळी पाणी गरम मिळाले नाही की टायमरच बदलून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. पुष्कळदा तो खर्च व्यर्थ जातो.

टायमर केवळ ठरविलेल्या वेळी गीझरचा वीजप्रवाह सुरू व बंद करतो. पाणी किती तापले हे त्यास कळत नाही. ते काम गीझरमधील थर्मोस्टॅटचे होय. निदान करताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

घड्याळ मागे पडणे

यांत्रिक टायमरची चकती विजेवर चालणाऱ्या लहान मोटारीने फिरते. वीज गेली की चकती थांबते आणि वीज येताच थांबली तेथूनच पुढे चालू लागते. रात्री दोन तास वीज नसेल, तर पहाटे ५ ची वेळ लावलेला गीझर ७ वाजता सुरू होतो. तोवर शाळेत व कामावर जाणारी मंडळी थंड पाण्याने आंघोळ उरकून बाहेर पडलेली असतात. अशा वेळी चकतीवरील वेळ मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहावी. फरक वीज खंडित राहिल्याच्या काळाएवढा असल्यास टायमर नादुरुस्त नाही. चकती बाणाच्या दिशेनेच फिरवून वेळ जुळवावी. वारंवार वीज जाणाऱ्या गावी बॅटरीवर घड्याळ चालू राहणारा टायमर घेणे श्रेयस्कर. अंकदर्शक टायमरमध्ये पहाटेचे ५ व सायंकाळचे ५ यांची गल्लत होते किंवा वार चुकीचा लागतो, तेही पाहावे.

पाणी कोमट राहणे

घड्याळ बरोबर असूनही पाणी कोमट राहिल्यास लावलेला कालावधी तपासावा. २५ लिटर पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास २,००० वॅटच्या गीझरला, नळाचे पाणी २७ अंशांचे असता सुमारे २९ मिनिटे लागतात. थंडीत तेच पाणी १५ अंशांचे असता ३९ मिनिटे. उन्हाळ्यात लावलेला अर्धा तास डिसेंबरात अपुरा पडतो, यात नवल नाही. विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरी कॉइलवर क्षारांचा थर साचून पाणी तापण्यास आणखी विलंब लागतो.

बंदच न होणारा टायमर

हा दोष मात्र किरकोळ समजू नये. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांसाठी बनविलेला ६ अँपिअरचा टायमर त्यास जोडल्यास आतील संपर्कबिंदू तापून एकमेकांस चिकटतात. टायमर १६ अँपिअर क्षमतेचाच असावा. बिंदू चिकटल्यावर घड्याळ फिरत राहते, पण वीज तोडली जात नाही आणि सारी भिस्त थर्मोस्टॅटवर येते. तोही बिघडल्यास अतिउष्णतारोधक कटआउट व दाबमुक्ती झडप एवढेच संरक्षण उरते. परीक्षा सोपी आहे: बंद होण्याची वेळ उलटल्यावर दोन-तीन बादल्या गरम पाणी काढावे. टाकीत थंड पाणी शिरून गीझरचा दिवा लागला, तर टायमर प्रवाह तोडत नाही असे समजावे व मुख्य स्विच तत्काळ बंद करावा.

टायमर बंद स्थितीत आहे म्हणून गीझर उघडणे धोक्याचे ठरते. अनेक टायमर दोनपैकी एकच तार तोडतात. जोडणी उलट असल्यास आत वीज खेळतच राहते. झाकण उघडण्याचे काम अनुज्ञापत्रधारक तारतंत्रीकडूनच, मुख्य स्विच बंद करून करवावे. त्याच वेळी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच यांचीही तपासणी करून घ्यावी. टायमर न्हाणीघराबाहेर, कोरड्या भिंतीवर बसवावा.

सौर बंबातील पूरक विद्युत कॉइललाही हेच नियम लागू आहेत. तेथे घड्याळ मागे पडले की कॉइल सकाळी उशिरा सुरू होते, टाकी विजेनेच तापते आणि त्या दिवशीच्या उन्हाला तापविण्यासाठी थंड पाणी फारसे उरत नाही.