श्वासाचे यंत्र आणि त्याचे त्रास

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे आपण समजतो. पुष्कळ वेळा ते खरे नसते. काही माणसांचा घसा झोपेत सैल पडतो. जीभ मागे जाते. हवेची वाट बंद होते. घोरणे एकदम थांबते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ श्वास आत जात नाही. मग तो माणूस दचकतो, मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा घोरू लागतो. त्याला स्वतःला यातले काही कळत नाही. कळते ते शेजारी निजलेल्या बायकोला. ती बिचारी अंधारात त्याचे श्वास मोजत जागी असते.

या आजाराला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला पाचांहून अधिक वेळा श्वास अडू लागला, की ते लक्ष घालतात. तीस वेळा अडू लागला, तर आजार भारी समजतात. अशा माणसाची रात्रीची झोप वाया जाते आणि ती दिवसा उसनी घ्यावी लागते. दुकानात गल्ल्यावर बसून डुलकी लागली तर लोक हसतील. घाटात मालमोटार चालवताना लागली तर काय होईल, ते सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८० साली यावर एक युक्ती काढली. नाकावाटे हवेचा बेताचा दाब रात्रभर देत राहायचा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली, की ती चिकटत नाही. घशाचेही तसेच होते. १९८१ साली त्यांनी पाच रुग्णांची हकीकत छापून प्रसिद्ध केली. आज त्या यंत्राला सीपॅप म्हणतात. एक लहानशी पेटी, एक नळी आणि नाकावर बसणारा मास्क, एवढाच त्याचा संसार. हे यंत्र आजार बरा करत नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधूक दिसते. तसे यंत्र काढले की श्वास पुन्हा अडतो. म्हणून ते वर्षानुवर्षे लावावे लागते.

वर्षानुवर्षे म्हटले, की माणूस घाबरतो. “एवढी हवा कोंबून फुप्फुसं फुटायची नाहीत का?” “सवय लागली तर आपला आपण श्वास घेता येईल का?” असे प्रश्न लोक विचारतात. विचारणे रास्तच आहे. पाण्याच्या भांड्यात नळी बुडवून फुंकली, तर बुडबुडे काढायला थोडा जोर लागतो. नळी दोन बोटांपासून वीतभर बुडवली तर जेवढा जोर लागेल, तेवढाच या यंत्राचा दाब असतो. निरोगी फुप्फुसाला तो सोसतो. ज्यांना फुप्फुसाचा जुना विकार आहे, त्यांनी मात्र तो डॉक्टरांना आधी सांगावा. आणि श्वास घेणे हे मेंदूचे काम. यंत्र नुसती वाट उघडी ठेवते. श्वास घेण्याची सवय त्याने मोडत नाही.

खरे त्रास याहून साधे असतात. पण साध्या त्रासांनीच यंत्र कपाटावर जाते.

“अहो, आज यंत्र लावलं नाही?”

“नको गं. नाक जळतं त्यानं. सकाळी तोंड लाकडासारखं होतं.”

“डॉक्टरांना सांगितलंत का?”

“एवढ्याशा गोष्टीला काय डॉक्टर!”

असे पुष्कळ घरी घडते. नाक जळते, कारण रात्रभर कोरडी हवा जाते. नाक चोंदते, शिंका येतात, कधी रक्तही येते. यावर तोड आहे. हवा ओलसर करणारा पाण्याचा डबा यंत्राला जोडता येतो. तोंड उघडे पडून हवा निसटत असेल, तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. मास्क ढिला असला, की हवा डोळ्यांवर येते आणि डोळे लाल होतात. मग माणूस पट्टे करकचून आवळतो. त्याने नाकाच्या दांडीवर वळ उठतो, कातडी सोलते. मापाचा मास्क घ्यावा, हेच खरे. चपलेसारखेच आहे हे.

काहींच्या पोटात हवा जाते. पोट फुगते, सकाळी ढेकर येतात. दाब जास्त झाला असेल, तर असे होऊ शकते. तो डॉक्टरांकडून बदलून घ्यावा, आपल्या मनाने नव्हे. थोड्या रुग्णांत यंत्र सुरू केल्यावर एक निराळीच अडचण येते. घशाची वाट मोकळी असते, पण मेंदू मधूनच श्वासाचा हुकूम देत नाही. हे बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. तरी तपासणी चुकवू नये.

दातांचे म्हणाल, तर जपानमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ यंत्र लावणारे ४६ रुग्ण तपासले. ती माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली. मास्कच्या दाबाने त्यांचे वरचे पुढचे दात आणि जबडा किंचित मागे सरकले होते. फरक इतका बारीक होता, की कोणाही रुग्णाला तो स्वतःहून जाणवला नव्हता. वाढत्या वयाच्या मुलांना यंत्र दिले असेल, तर याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. यंत्राने वजन उतरेल, असेही काही जण धरून चालतात. उलट, ते सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास वाढते, असे आढळले आहे. तेव्हा चालणे आणि खाण्यावर ताबा ही कामे आपल्याकडेच राहिली.

आम्ही इथे यंत्राची वकिली करत नाही. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सात देशांतले २,७१७ रुग्ण होते. आपल्या देशातलेही होते. त्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता. यंत्र दिलेल्यांत हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात काही कमी झाले नाहीत. मात्र घोरणे आणि दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, मन हलके झाले. एक गोष्ट ध्यानात घ्या. ही माणसे रात्रीत सरासरी साडेतीन तासही यंत्र लावत नव्हती. अर्धी रात्र छत्री मिटून चाललो, तर भिजणारच की. छत्री पुरी उघडली असती तर काय झाले असते, ते त्या अभ्यासावरून ठरत नाही.

आता यंत्राच्या पेटीविषयी. आवाज दबावा म्हणून काही यंत्रांत एक मऊ फेस बसवलेला असे. तो काळाने झिजून त्याचे काळे कण व वायू श्वासात जाऊ शकतात, असे दिसले. म्हणून जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने अशी लाखो यंत्रे परत मागवली. ओझोन वायूने यंत्र साफ केले, तर तो फेस लवकर खराब होतो, असेही तेव्हा कळले. जुने यंत्र कोणाकडून स्वस्तात घेत असाल, तर त्याचा नंबर आधी पडताळून घ्या.

साफसफाईला ओझोन नको. साधा साबण आणि कोमट पाणी पुरते. मास्क रोज धुवावा, नळी आठवड्याला. पाण्याचा डबा रोज रिकामा करावा आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे खारे पाणी घातले, तर तळाला पांढरा थर बसतो. पाणी तसेच राहिले, तर जंतू वाढतात. हवेची गाळणी काळी पडली की बदलावी. आपल्याकडे धूळ फार, शहरातही फार.

काही मास्कला लोहचुंबकाच्या कड्या असतात. रुग्णाच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर असेल, तर असा मास्क घेऊ नये. वीज गेली आणि यंत्र थांबले, तर मास्क लगेच काढावा. गावी रोज वीज जात असेल, तर बॅटरीची सोय विचारून घ्यावी. आणि पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराविषयी आधी सांगावे. दवाखान्यात जाताना कपड्यांच्या पिशवीबरोबर यंत्र आणि मास्कही न्यावा. भुलीनंतरच्या रात्री घसा अधिक सैल असतो.