मुलांना विचारण्याआधी

तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही आपल्या ग्वाल्हेरची जुनी समजूत. समाधीच्या हजिरा भागात गेलात तर एखादी आई मुलाच्या तोंडात दोन पानं घालताना दिसेलही. मला त्याचं हसू येत नाही. पाला फुकट असतो आणि त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. मला काळजी वाटते ती आपणच मुलांना विचारतो त्या एका प्रश्नाची. दहावी झालेल्या मुलाला समोर बसवून आपण म्हणतो, "तुझं पॅशन काय ते सांग, आम्ही आड येणार नाही." विचारताना आपल्याला आपल्या मोकळेपणाचं कौतुक वाटत असतं. आपल्या वडिलांनी तर एवढंही विचारलं नव्हतं! पण सोळा वर्षांच्या पोराला हा प्रश्न गणिताच्या पेपरपेक्षा जड जातो. उत्तर सुचलं नाही की त्याला वाटतं, सगळ्यांना काहीतरी सापडलंय, आपल्यातच खोट आहे. मग ते मित्रानं दिलेलं उत्तर देऊन मोकळं होतं आणि आपण त्या उत्तराची फी भरून टाकतो.

आईबाबांनो, आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारी माणसं. हा प्रश्न न विचारता माणसं कशी घडली, त्याची उदाहरणं आपल्याच गल्ल्यांत आहेत. गवई शंकरराव पंडितांचं घर घ्या. ग्वाल्हेर गायकीच्या हद्दू खाँ, नथ्थू खाँ यांच्या घराण्यातले निसार हुसेन खाँ या ब्राह्मणाच्या घरी येऊन राहिले. त्या काळात ही केवढी गोष्ट! सोवळंओवळं पाळणाऱ्या शहरात एक मुसलमान उस्ताद घरातलाच होऊन राहतो, गातो, शिकवतो. त्याच घरात 1893 साली शंकररावांच्या मुलाचा, कृष्णरावांचा, जन्म झाला. तुला काय आवडतं, असं कुणी त्या मुलाला समोर बसवून विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यानं रोज उठून पाहिलं ते आपल्या कामात पार बुडालेली मोठी माणसं. 1914 साली, अवघ्या एकविशीत, कृष्णरावांनी ग्वाल्हेरात संगीताची शाळा काढली आणि पुढं नव्वदी ओलांडेपर्यंत ते ग्वाल्हेर गायकीचेच राहिले.

आता आपल्या घरात मुलाला काय दिसतं? संध्याकाळी आपण दमून येतो, पिशवी टाकतो आणि साहेबाच्या नावानं बोटं मोडतो. सोमवारचा कंटाळा रविवारी दुपारीच सुरू होतो. आपण बँकेत, कचेरीत, दुकानात दिवसभर नक्की काय करतो, हे बहुतेक मुलांना धड सांगता येत नाही. काम म्हणजे पगारासाठी सोसायची शिक्षा, हे दहा-बारा वर्षं ऐकून झाल्यावर त्याच पोराला आपण म्हणतो, मनापासून आवडेल असं काम शोध. ते कुठून शोधणार?

तुमच्या कामात तुम्हाला गोडी वाटणारं काहीतरी असतंच. हिशेबातली चूक सापडल्यावरचा आनंद असेल, अडलेल्या गिऱ्हाईकाचं काम झाल्यावरचं समाधान असेल. ते जेवताना सांगत जा. तक्रारीही सांगा, पण नुसत्या तक्रारी नकोत.

दुसरी गोष्ट लक्ष ठेवण्याची. इथं मला गदगचे जोशी मास्तर आठवतात. त्यांचा थोरला मुलगा लहानपणी कुठं भजन, कुठं बँड, कुठं मिरवणूक ऐकू आली की मागं मागं जायचा आणि दमला की तिथंच झोपायचा. लोक शोधून घरी आणायचे. शेवटी मास्तरांनी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं, अशी गोष्ट सांगतात. या बापाचं मला फार कौतुक वाटतं. पोरगा हरवतो हे खरं, पण हरवतो तो दर वेळी सुरांच्याच मागं, हे ज्याला दिसलं त्याला वेगळी कलचाचणी कशाला हवी?

तोच मुलगा 1933 साली, अकराव्या वर्षी, घरातून पळाला. निमित्त जेवताना तूप मिळालं नाही याचं, कारण मात्र गुरूचा शोध. बिनतिकीट, रेल्वेच्या डब्यात गाणी म्हणत, तो पोचला कुठं? आपल्या ग्वाल्हेरला. इथलं माधव संगीत महाविद्यालय तेव्हा गाणं शिकू पाहणाऱ्यांना ओढून आणायचं. ग्वाल्हेरच्या लोकांना पुढची गोष्ट आवडत नाही, तरी सांगते: त्याला जे हवं होतं ते इथं पुरतं मिळालं नाही. तो इथून निघाला, उत्तरेत भटकत राहिला, जालंधरपर्यंत गेला. तिथं गवई विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितलं म्हणतात, की अरे, सवाई गंधर्वांसारखा गुरू तर तुझ्या गावापासून जवळच आहे. वडिलांनी त्याला जालंधरहून घरी आणलं. 1936 साली तो कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिला आणि गाण्याआधी पाणी भरण्यापासून सगळी कामं केली. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

पळून जाण्याचं कौतुक मी करत नाही. त्या माउलीनं ते दिवस कसे काढले असतील, हे आपल्याला कळतं. माझा मुद्दा परत आल्यानंतरचा आहे. मास्तर ‘झाली तेवढी थेरं पुरे’ म्हणून त्याला शाळेच्या बाकावर बसवू शकले असते. तसं झालं नाही. आणि पाणी भरण्याचा भाग आपण गोष्टीतून नेहमी गाळतो. आवडीच्या कामातही रटाळ दिवसच जास्त असतात, हे मुलाला आधी सांगा. नाहीतर पहिला कंटाळा आला की ते म्हणतं, ही माझी आवडच नव्हे, आणि दुसऱ्या क्लासचं नाव काढतं.

आवड म्हणजे पोटापाण्याचा धंदाच झाला पाहिजे, असंही नाही. भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचे. संस्थानी नोकऱ्यांत त्यांची हयात गेली आणि कविता त्या नोकऱ्यांच्या बरोबरीनं होत राहिली. 1935 साली माधव जूलियनांनी ती समग्र छापली. ज्यांनी आपल्या शहरातलं ते माधव महाविद्यालय 1918 साली उभं करून दिलं, ते भातखंडे तर कायद्याचे पदवीधर, वकील. संगीतासाठी वकिली पुरती सोडली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला अजून काही ठरवता येत नसेल, तर घाई तुम्हाला आहे, त्याला नाही.

प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी कोट्याला पाठवू का, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. काही मुलांना भौतिकशास्त्र खरंच आवडतं. त्यांना जरूर पाठवा, पोहे-लाडू बांधून द्या. मूल तसं आहे का, हे मला विचारू नका. परीक्षा संपलेल्या उन्हाळ्यात, कुणी सांगितलेलं नसताना, दुपारी ते काय उघडून बसतं ते पाहा. मोबाइलच उघडत असेल तर त्यातही काय पाहतं ते बघा: नुसतं बोट सरकवतं, की कुणी यंत्र खोलून दाखवतंय, चित्र काढतंय, तबला वाजवतंय तिथं थांबतं? थांबत असेल तर त्याच्या शेजारी बसा. उपदेश न करता म्हणा, "मलाही दाखव."