टँकरचे जादा दिवे : उजेड कोठे आणि किती?

टंचाईच्या दिवसांत डांबरी रस्त्यापासून दूर असलेल्या वाड्यावस्त्यांना टँकरने पाणी पोहोचवावे लागते. खेपा वाढल्या की रात्र होते. गाडीवाटेवरील चर आणि विहिरीचा काठ चालकास नीट दिसत नाहीत; विहिरीभोवती हंडे घेऊन माणसे उभी असतात. अशा वेळी ट्रकला जादा दिवे बसविण्याची कल्पना साहजिकच पुढे येते. तथापि, वाडीच्या वाटेवर उपकारक ठरणारा हाच उजेड मोठ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे डोळे दिपवितो. म्हणून दिवे घेण्यापूर्वी नियम व जोडणी या दोन्ही बाबी समजून घेणे अगत्याचे आहे.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ अन्वये वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट अथवा सर्चलाइट बसविण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊनच असा दिवा लावता येतो. तेव्हा टँकर ग्रामपंचायतीचा असो वा ठेकेदाराचा, पहिली पायरी परिवहन कार्यालयाची आहे, गॅरेजची नव्हे. परवानगी मिळाल्यावरही सार्वजनिक रस्त्यावर हे दिवे बंद व झाकलेले ठेवणे, हाच सुरक्षित शिरस्ता होय.

दिव्याची जागा

टपावरील दिव्याचा उजेड लांब जातो. परंतु धूळ किंवा धुके असल्यास तो चालकाच्याच डोळ्यांवर परततो. शिवाय वरून पडणाऱ्या उजेडात खड्ड्याची सावली पुरेशी उमटत नाही. बंपरच्या उंचीवरील दिव्याचा उजेड जमिनीलगत जातो आणि चराची काळी सावली दुरूनच दिसते. दिवा पातळ पत्र्यावर न बसविता मजबूत ब्रॅकेटवर बसवावा, अन्यथा धक्क्यांनी त्याची दिशा बदलते.

जोडणीतील दक्षता

मोठ्या ट्रकची विद्युत् यंत्रणा सामान्यतः २४ व्होल्टची असते. ७० वॅटचे दोन दिवे लावल्यास सुमारे ६ अँपिअर प्रवाह लागतो. हा भार डॅशबोर्डवरील बटणावर न टाकता रिलेमार्फत द्यावा. बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज असावा. तार कोठे घासली गेली, तरी आग लागण्यापूर्वी प्रवाह तुटतो. तार सायलेन्सरपासून दूर न्यावी व पत्र्याच्या छिद्रात रबरी कडे बसवावे. अर्थिंगच्या जागेवरील रंग खरवडून काढावा.

दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टचे दिवे जोडण्याचा सोपा मार्ग मात्र टाळावा. त्यामुळे एक बॅटरी उतरते, दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आणि दोन्हींचे आयुष्य घटते.

गावाचा वाटा

उजेडाचा प्रश्न केवळ वाहनाचा नाही. वाटेच्या वळणांवर आणि विहिरीच्या काठाशी चुना लावलेले दगड मांडले, तर नेहमीच्या हेडलाइटमध्येही ते स्पष्ट दिसतात. टँकर मागे घेताना एका जाणत्या माणसाने चालकाला दिसेल असे बाजूला उभे राहून इशारा द्यावा. टँकर थांबेपर्यंत मुलांनी जवळ जाऊ नये, हे शिक्षकांनी शाळेत सांगावे. या कामांना परवानगी लागत नाही आणि खर्चही नाममात्र येतो. पंचायतीने आरंभ येथूनच करावा. जादा दिव्यांचा विचार त्यानंतर.