केमिस्ट्री तीन तऱ्हांनी विसरते

‘केमिस्ट्रीचं काय, शेवटच्या महिन्यात पाठ करून टाकू.’ दिवाळीच्या आगेमागे हे वाक्य दरवर्षी कानावर येतं. बारावी सायन्सच्या मुलांचा अर्धा दिवस गणित आणि फिजिक्स खातात, उरलेला क्लासला जाण्या-येण्यात जातो, आणि केमिस्ट्री ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून बाजूला राहते. मी ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवते, त्यामुळे जानेवारीत प्रिलिमचे गठ्ठे माझ्या घरी येतात. ज्यांनी पुस्तकच उघडलेलं नसतं त्यांचं मला तितकं वाईट वाटत नाही, कारण काय होणार ते त्यांनाही ठाऊक असतं. जीव हळहळतो तो वर्षभर प्रामाणिकपणे वाचणाऱ्या मुलांचे पेपर बघून.

वर्गात हे लांबून दिसायचं. अगदी जवळून पाहिलं ते माझी भाची बारावीसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा. पोरगी कामसू. पहाटे उठून जेवणाच्या टेबलावर बसायची. हायलायटर तीन: पिवळा व्याख्यांना, गुलाबी सूत्रांना, हिरवा ‘व्हेरी इम्पॉर्टंट’ला. हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जचा धडा तिने इतका रंगवला होता की बिनरंगाची ओळच उठून दिसायची. “मावशी, हा धडा झाला गं माझा. तोंडपाठ आहे.” मी पुस्तक मिटलं, एक पाठकोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, एसएन-वन आणि एसएन-टूमधला फरक लिही. तिने मधोमध उभी रेघ मारली, दोन मथळे लिहिले, आणि पेन थांबलं. कोणाचा रेट एकाच कॉन्सन्ट्रेशनवर अवलंबून आणि कोणाचा दोन्हींवर, तिथेच गाडी अडली. “अगं, आत्ता तर वाचलं होतं!” वाचलं होतं, यात काहीच खोटं नव्हतं. प्रिलिमला सत्तरपैकी चाळिशी गाठली नाही तेव्हा ताईचा फोन आला, क्लास बदलायचा का म्हणून. क्लासचा काही दोष नव्हता.

तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा होतो, आणि ओळखीचं वाटलं की ‘येतं’ असं वाटतं. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे होते. आमची मुलं स्वतःला पाचव्या मिनिटालाच तपासतात आणि खूश होऊन पुढच्या धड्याला लागतात.

पण ‘न बघता लिहा’ एवढं सांगून केमिस्ट्रीत भागत नाही. बालभारतीच्या सोळा धड्यांच्या त्या एका पुस्तकात खरं तर तीन विषय आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने विसरतात. फिजिकल डोक्याला आठवतं, हात विसरतो. ऑरगॅनिकमध्ये रिॲक्शन्स सुट्या सुट्या आठवतात, त्यांना जोडणारा रस्ता पुसला जातो. इनऑरगॅनिक तर नुसतंच गळून जातं. तिघांना एकच औषध देऊन चालत नाही.

फिजिकलमध्ये सर्वांत मोठा धोका सोडवलेल्या उदाहरणांचा. ती वाचताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटलं म्हणजे जमलं असं वाटतं. भाचीच्या प्रिलिममधलं हे गणित बघा. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन १५ मिनिटांत २० टक्के पूर्ण होते, हाफ-लाइफ काढा. सूत्र तिने बरोबर लिहिलं होतं: २.३०३ भागिले वेळ, गुणिले लॉग ऑफ सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन भागिले उरलेलं कॉन्सन्ट्रेशन. पण ‘उरलेलं’च्या जागी तिने २० घातले. २० टक्के तर संपलेत, उरलेत ८०. लॉग ऑफ १.२५, म्हणजे ०.०९६९ यायच्या जागी लॉग ऑफ ५, म्हणजे ०.६९९० आला, आणि हाफ-लाइफ निघाली साडेसहा मिनिटांच्या जवळपास. बरोबर उत्तर साडेसेहेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे.

आता गंमत अशी की हे उत्तर स्वतःच ओरडून सांगतं की मी चुकलंय. साडेसहा मिनिटांत निम्मा पदार्थ संपत असेल तर १५ मिनिटांत फक्त २० टक्के कसा संपेल? उत्तराकडे दहा सेकंद बघितलं असतं तर तीन मार्क वाचले असते. ही दहा सेकंदांची सवय घरी सोडवतानाच लागते, परीक्षेत ऐनवेळी सुचत नाही. म्हणून रोज दोन-तीनच गणितं, पण पुस्तक मिटून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या एककापर्यंत. आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर न वापरता. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि वर्षभर कॅल्क्युलेटरवर वाढलेली मुलं फेब्रुवारीत अँटीलॉगची पानं उलटत बसतात. एककांचं तर विचारूच नका. थर्मोडायनॅमिक्समध्ये एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये देतात आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. डेल्टा एच उणे ११० किलोज्यूल, डेल्टा एस ४० ज्यूल प्रति केल्विन, तापमान ४०० केल्विन असेल तर गिब्ज एनर्जी उणे १२६ किलोज्यूल येते. हजाराने भागायला विसरलेल्यांचं उत्तर उणे सोळा हजारांच्या पुढे जातं, आणि ते तसंच चौकटीत लिहून खाली दोन रेघा मारलेल्या असतात!

ऑरगॅनिकबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त घोकंपट्टी तिथे होते आणि सगळ्यात कमी उपयोगी पडते. रिॲक्शन्सची यादी पाठ करणं म्हणजे एसटीचं वेळापत्रक पाठ करण्यासारखं आहे. गाड्या सगळ्या तोंडावर, पण मधे कुठे उतरून दुसरी धरायची ते माहीत नाही. कन्व्हर्जनच्या प्रश्नात नेमकं तेच विचारतात. मी मुलांना आधी एकच काम सांगते: कार्बन मोजा. बेंझोइक ॲसिडपासून ॲनिलिन करायचंय. सुरुवातीला सात कार्बन, शेवटी सहा. एक कार्बन गेला, म्हणजे वाटेत हॉफमन डिग्रेडेशन असण्याची दाट शक्यता. मग उलटं चालत या: ॲनिलिन मिळायला बेंझामाइड हवं, बेंझामाइड मिळायला बेंझोइक ॲसिडवर अमोनिया घालून तापवायचं. झालं. इथेनॉलपासून प्रोपॅनोइक ॲसिड हवं असेल तर कार्बन एकाने वाढतो, तिथे सायनाइड मनात यायला हवं.

त्यासाठी रविवारी एक मोठा पाठकोरा कागद घ्यायचा. मधे अल्कोहोल, भोवती अल्कीन, हॅलाइड, अल्डिहाइड, कीटोन, ॲसिड, अमाइन. बाण काढायचे आणि प्रत्येक बाणावर रिएजंट लिहायचं, सगळं मनातून. मग पुस्तक उघडून राहिलेले बाण लाल पेनाने भरायचे. पुढच्या रविवारी कागद नवा. पहिला नकाशा भयाण रिकामा दिसतो. भाचीने पहिला कागद बघून चक्क रडायचंच बाकी ठेवलं होतं. लाल बाण कमी होत जातात तशी भीती कमी होते.

नेम रिॲक्शन्सना मी एक उलटा प्रश्न लावते: ही कोणाला लागू होत नाही? अल्डॉलला अल्फा हायड्रोजन लागतो, कॅनिझारोला तो नसावा लागतो, म्हणून फॉर्मल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड कॅनिझारोत येतात, ॲसेटाल्डिहाइड येत नाही. गॅब्रिएल पद्धतीने ॲनिलिन का होत नाही? कारण त्यासाठी थॅलिमाइडच्या आयनने क्लोरोबेंझीनवरचं क्लोरीन हटवायला हवं, आणि ते सहजी हटत नाही. अपवादाचं कारण कळलं की मूळ रिॲक्शन पाठ करावी लागत नाही.

इनऑरगॅनिकला युक्ती अशी फार नाही. ग्रुप १६, १७, १८ आणि डी-ब्लॉक हे धडे रोज थोडे वाचणाऱ्याचेच होतात. सकाळच्या चहाबरोबर पंधरा मिनिटं, बस. आज जे केलं ते परवा न बघता सांगायचं, मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी अंतर वाढवायचं, विसरायला किंचित वाव द्यायचा आणि मग खेचून आणायचं. आणि ‘का’ विचारायचं. निकेल तेच, पण चार क्लोराइड लागले की कॉम्प्लेक्स पॅरामॅग्नेटिक टेट्राहेड्रल, चार सायनाइड लागले की डायमॅग्नेटिक स्क्वेअर प्लेनर. सायनाइड हा तगडा लिगँड, तो इलेक्ट्रॉन्सची जोडी लावतो, हे कळलं की अर्धा कोऑर्डिनेशनचा धडा सुटतो.

चुकांची वही ठेवा, पण त्यात बरोबर उत्तर उतरवत बसू नका. चूक का झाली तेवढं एका ओळीत लिहा: ‘झालेलं’ आणि ‘उरलेलं’ यांत गोंधळ, ज्यूल-किलोज्यूल, प्रश्नातला ‘नाही’ वाचला नाही. भाचीच्या वहीत महिन्याभरात दिसलं की न येणाऱ्या गोष्टी थोड्या, येत असून हुकणाऱ्या ढीगभर. हायलायटर तिने शेवटपर्यंत सोडले नाहीत, तो भाग वेगळा. बोर्डाला साठीच्या पुढे गेली.

प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांना मुलं फुकटचे मार्क म्हणतात आणि तिथेच एक-एक घालवतात. परमँगनेटचं टायट्रेशन करताना बाहेरून इंडिकेटर लागत नाही, ते स्वतःच इंडिकेटर. रंग इतका गडद की ब्युरेटमध्ये खालचा मेनिस्कस दिसत नाही, म्हणून वरचा वाचायचा. ऑक्झॅलिक ॲसिड आधी साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचं. ॲसिड म्हणून सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही, हा तोंडीतला ठरलेला प्रश्न: परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करतं आणि रीडिंग वाढतं. जर्नल दुसऱ्याचं उतरवलं असेल तर इथे लगेच उघडं पडतं.

सीईटी देणाऱ्यांनी अकरावी विसरू नये, साधारण वीस टक्के प्रश्न तिथले असतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटला मात्र चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो, तिथे ही सवय नडते. दोन्ही देणाऱ्यांनी सराव पेपर वेगवेगळ्या दिवशी सोडवावेत.

बोर्डाच्या पेपरात दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ आणि चार मार्कांचे पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे असतात. निवड आहे, म्हणून एखादा धडा ‘ऑप्शनला’ टाकणारे दर वर्षी भेटतात, पण पहिले अठरा मार्क बिननिवडीचे आणि ते सगळ्या पुस्तकावर पसरलेले. निवडायचंच असेल तर चार मार्कांत गणिताचा भाग असलेला प्रश्न आधी घ्या, उत्तर बरोबर असेल तर तिथे मार्क कापायला आम्हाला जागा नसते. शेवटची पाच-दहा मिनिटं राखून ठेवा, आणि प्रत्येक गणिताच्या उत्तरापुढे एकक लिहिलंय का ते बघून मगच पुरवणी बांधा.